पगाराचा आकडा छापलात, आता अभ्यासाचंही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या ट्रॅव्हल नर्सेसवर लेख आला होता, तो माझ्या भाचीने मिरजेहून मला व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी तू हेच करतेस ना, मग मी पोस्ट बेसिकला अजून दोन वर्षं कशाला घालवू, जीएनएमवरच निघते की." ती जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, शेवटच्या वर्षाला आहे (पोस्ट बेसिक म्हणजे त्यानंतरची दोन वर्षांची डिग्री), हुशार आहे, वॉर्डात पेशंट तिचं नाव घेऊन हाक मारतात. मी तेव्हा नुकती नाईट करून आले होते, तशीच तिला उत्तर लिहायला बसले आणि लिहिता लिहिता वाटलं की हे तिला एकटीला सांगून काय उपयोग, तो लेख जितक्या मुलींनी वाचला असेल तितक्या सगळ्यांनी हे वाचायला हवं. म्हणून हे पत्र. मोठं झालंय, जागेप्रमाणे कापलंत तरी चालेल.

लेखात चुकीचं काहीच नव्हतं. तेरा आठवड्यांचं कॉन्ट्रॅक्ट, आठवड्याला बारा-बारा तासांच्या तीन शिफ्ट म्हणजे ३६ तास, कायम नोकरीपेक्षा बहुतेक वेळा जास्त पैसे, राहण्या-जेवणाचे वेगळे, आणि संपलं की नवीन गाव. सगळं खरं आहे. पण अख्ख्या लेखात शिक्षणाबद्दल एक ओळ नव्हती, आणि या कामात तुम्ही टिकता की नाही ते अभ्यासावरच ठरतं असं माझं चार-पाच वर्षांच्या अनुभवावरून ठाम मत झालंय.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी मिरजेची, दवाखान्यांच्या गावात वाढलेली, तिथलं मिशन हॉस्पिटल १८९४ चं, माझी मावशी पण सिस्टर होती. माझ्या वेळी जीएनएम साडेतीन वर्षांचं होतं. नंतर पुण्यात चार वर्षं आयसीयू केलं, लग्न झालं, २०१३ ला नवऱ्याच्या व्हिसावर एच-४ म्हणून डॅलसजवळ आले. एच-४ वर काम करता येत नव्हतं तेव्हा. २०१५ च्या मे महिन्यापासून ज्यांच्या नवऱ्याची ग्रीन कार्डची फाईल एका ठराविक टप्प्यापुढे गेली होती त्या बायकांना वर्क परमिट मिळायला लागलं. त्याआधीची दोन वर्षं मी मुलगा झोपला की एनक्लेक्सचा, म्हणजे इथल्या नर्सिंग लायसन्सच्या परीक्षेचा, अभ्यास करत होते, तेव्हा नोकरीचा पत्ता नव्हता, परमिट मिळेल याची खात्री नव्हती, तरी करत होते. परमिट आलं तेव्हा टेक्ससचं लायसन्स हातात होतं म्हणून लगेच आयसीयूत लागले. तिथे पाच वर्षं काढली आणि २०२१ पासून ट्रॅव्हल करते. घर टेक्ससमध्येच आहे, नवरा आणि मुलगा तिथे, मी तेरा आठवडे जाते आणि परत येते.

भाचीसारख्या मुलींना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मिरजेतून उठून कोणी थेट ट्रॅव्हल नर्स होत नाही. भारतातून नर्स म्हणून यायचं तर बहुतेकींना ईबी-३ या प्रकारच्या ग्रीन कार्डमधून यावं लागतं, भारतीयांसाठी ती रांग सध्या दहा वर्षांच्या वर आहे, आणि आल्यावरही ज्या हॉस्पिटलने किंवा एजन्सीने आणलं त्यांच्याकडे दोन-तीन वर्षं बांधून काम करायचा करार असतो. त्यानंतर कुठे फिरता येतं. मग या सगळ्या वर्षांचं काय करायचं? वाट बघण्यात घालवायची की शिकण्यात? मी तिला हेच विचारलं. तुला दोन वर्षं वाया जातील असं वाटतंय पण रांगेतच तुझी दहा जाणार आहेत ग.

आता इथला अभ्यास म्हणजे काय ते सांगते कारण बाहेरून ते दिसत नाही. पहिला प्रकार लायसन्स टिकवायचा. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं नर्सिंग बोर्ड वेगळं, नियम वेगळे. टेक्ससला दोन वर्षांत २० तासांचं कंटिन्युइंग एज्युकेशन लागतं ज्याला आम्ही सगळे नुसतं सीई म्हणतो, फ्लोरिडाला २४, कॅलिफोर्नियाला ३०, मॅसॅच्युसेट्सला १५, कोलोरॅडोत तासांची अटच नाही, न्यूयॉर्कमध्ये सरसकट तास नाहीत पण इन्फेक्शन कंट्रोलचा कोर्स दर चार वर्षांनी करावाच लागतो. परत तासांच्या आत विषय ठरलेले असतात, म्हणजे टेक्ससमध्ये वयस्कर पेशंट बघत असाल तर त्याचे २ तास, माणसांची तस्करी ओळखण्याचा कोर्स दर रिन्यूअलला, नर्सिंगचा कायदा आणि एथिक्सचे २ तास सहा वर्षांतून एकदा. हे मी तोंडपाठ सांगतेय कारण दोन वर्षांनी एकदा हे सगळं शोधत बसायचं म्हटलं तर वेड लागतं, त्यापेक्षा महिन्याला एक तास केला की आपोआप होतं.

नशिबाने कॉम्पॅक्ट नावाची सोय आहे, चाळीसहून जास्त राज्यांनी एकत्र येऊन ठरवलंय की तुमच्या घरच्या राज्याचं लायसन्स बाकी सगळीकडे चालेल, आणि सीई पण फक्त घरच्या राज्याचे पूर्ण केले की पुरे. माझं घर टेक्ससला म्हणून मला हे लागू पडतं. पण कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क त्यात नाहीत, तिथे जायचं तर वेगळं लायसन्स, वेगळी फी, वेगळी रिन्यूअलची तारीख. माझ्या एका केरळच्या मैत्रिणीकडे एकावेळी चार राज्यांची लायसन्स आहेत, ती फ्रीजवर कागद लावून ठेवते, कुठलं कधी संपतंय, कुठल्याचे किती तास राहिलेत.

आणि कार्डं, म्हणजे पेशंटचं हृदय बंद पडलं तर काय करायचं त्या ट्रेनिंगची सर्टिफिकेटं. बीएलएस, एसीएलएस, दोन्ही दोन-दोन वर्षांची. २०२२ ला मी ॲरिझोनात टूसॉनला होते, नवव्या आठवड्यात माझं एसीएलएस संपलं. मी समजत होते पुढच्या महिन्यात संपतंय. चूक माझीच. हॉस्पिटलने त्या दिवशी शेड्यूलवरून काढलं, कोर्सला जागा आठ दिवसांनी होती, तीन शिफ्ट गेल्या. कायम नोकरीत असते तर एज्युकेशन डिपार्टमेंटने महिनाभर आधी मेल पाठवून पाठवून जागं केलं असतं, ट्रॅव्हलरला कोणी आठवण करत नाही, रिक्रूटर करतो पण तो शंभर नर्सेस सांभाळत असतो. तेव्हापासून मी कुठलंही कॉन्ट्रॅक्ट घ्यायच्या आधी बघते की त्या तेरा आठवड्यांत आणि पुढच्या चार आठवड्यांत माझं काय काय संपतंय, ते सगळं घरून निघायच्या आधी नवीन करून घेते.

दुसरा प्रकार हॉस्पिटलच्या मॉड्यूल्सचा. प्रत्येक नवीन ठिकाणी पहिल्या शिफ्टच्या आधी आग विझवायची, हात धुवायचे, रक्त चढवायचं, इन्सुलिनचं, रेस्ट्रेंट्सचं म्हणजे पेशंटला बांधून ठेवण्याचं, कॉम्प्युटर चार्टिंगचं, असे पंधरा-वीस तास ऑनलाईन बसावं लागतं, वर औषधांची परीक्षा आणि ईसीजीची परीक्षा. मी चार-पाच वर्षांत हात धुण्याचं मॉड्यूल दहा वेळा तरी केलं असेल. यातलं बरंचसं सीईमध्ये धरलं जात नाही आणि कित्येक ठिकाणी त्याचे पैसे पण मिळत नाहीत. पेशंटच्या सुरक्षेसाठी ते हवं हे मला मान्य आहे, पण तो वेळ माझ्या कोर्सच्या वेळातून जातो हे कोणाच्या खिजगणतीत नसतं. म्हणून कॉन्ट्रॅक्ट सुरू व्हायच्या आधीचा आठवडा आणि पहिला आठवडा मी कोर्सच्या दृष्टीने शून्य धरते. त्या दोन आठवड्यांत असाइनमेंट सबमिट करायची असेल तर ती आधीच लिहून ठेवलेली असते.

आणि तिसरा प्रकार म्हणजे खरं शिक्षण, डिग्री. आपलं जीएनएम इथे डिप्लोमा म्हणून धरतात, आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्स होता येतं, बेडसाईडला काम करता येतं, पण पुढे जायचं तर बीएसएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलर डिग्री, लागते. २०१० मध्येच इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या सल्लागार संस्थेने शिफारस केली होती की २०२० पर्यंत ८० टक्के नर्सेस बीएसएन असाव्यात, न्यूयॉर्कने २०१७ ला कायदाच केला की नव्या नर्सेसनी लायसन्स मिळाल्यापासून दहा वर्षांत बीएसएन करायलाच हवं. मी २०२२ ला ऑनलाईन आरएन-टू-बीएसएनला नाव घातलं. ऑनलाईन म्हणजे कुठूनही करता येईल, ट्रॅव्हल आणि हे मस्त जमेल, असं मला वाटलं होतं. तिथेच मी फसले.

२०२३ ला वॉशिंग्टन राज्य कॉम्पॅक्टमध्ये आलं आणि त्या शरद ऋतूत मी स्पोकेनला कॉन्ट्रॅक्ट घेतलं. माझ्या कोर्समध्ये तेव्हा कम्युनिटी हेल्थचं प्रॅक्टिकम होतं, म्हणजे आपल्याकडे पीएचसीला जाऊन फील्ड करतो तसं, ठराविक तास जागेवर जाऊन करायचे. मी स्पोकेनला पोचले, खोली घेतली, एका सिनियर सेंटरमध्ये बोलून पण ठेवलं, आणि युनिव्हर्सिटीला फॉर्म पाठवला तर तिकडून उत्तर आलं की आम्हाला त्या राज्यात प्रॅक्टिकम घ्यायची परवानगी नाही. इथे ऑनलाईन कॉलेजला सुद्धा विद्यार्थी जिथे बसलाय, आणि मुख्य म्हणजे जिथे फील्डचे तास करणार आहे, त्या राज्याची मान्यता लागते. वॉशिंग्टन त्यात कडक आहे. माझं लायसन्स तिथे चाललं पण माझा कोर्स तिथे चालला नाही. ॲडव्हायजरला मी नाव घालतानाच सांगितलं होतं की मी फिरतीवर असते, तिने कुठल्या राज्यात चालतं कुठल्यात नाही हा विषयच काढला नव्हता, आणि मी पण विचारलं नव्हतं. एक टर्म गेली, फी गेली, त्याहून वाईट म्हणजे पुढचे तीन महिने मी त्या खोलीत बसून रोज विचार करायचे की सोडून द्यावं का.

नाही सोडलं. पण तिथून माझी पद्धत उलटी झाली आणि या पत्रात मला मुख्य हेच सांगायचंय. तोपर्यंत मी आधी कॉन्ट्रॅक्ट घ्यायचे, पैसे बघून, आणि मग अभ्यास त्यात कुठे बसतो ते बघायचे. आता आधी अभ्यासाचं कॅलेंडर उघडते, कुठल्या तारखांना परीक्षा आहे, कुठल्या टर्मला फील्डचे तास आहेत, कुठली राज्यं युनिव्हर्सिटीच्या यादीत आहेत, आणि मग त्यात बसेल तेच कॉन्ट्रॅक्ट घेते, मग ते आठवड्याला दोन-तीनशे डॉलर कमी का असेना. हे वाचायला साधं वाटेल पण जेव्हा रिक्रूटर फोनवर मोठा आकडा सांगतो आणि एक तासात हो की नाही सांग म्हणतो तेव्हा नाही म्हणायला फार ताकद लागते, विशेषतः घरी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं असताना.

दुसरी गोष्ट, लिहून घ्या. कॉन्ट्रॅक्टमध्ये सुट्टीच्या तारखा आधीच घालता येतात, आरटीओ म्हणजे रिक्वेस्टेड टाईम ऑफ म्हणतात त्याला. इंटरव्ह्यूच्या वेळीच सांगायचं की या तीन तारखांना मला सुट्टी हवी, आणि ते सही होण्याआधी कागदावर आलं पाहिजे. तोंडी "काळजी करू नका, बघू आपण" याला अर्थ नाही, कारण ज्या मॅनेजरने ते म्हटलं ती तीन आठवड्यांनी नोकरी सोडून गेलेली असते, असं माझ्याबाबत झालंय. तसंच ब्लॉक शेड्यूल मागून घ्यायचं, म्हणजे तीन नाईट सलग आणि मग चार दिवस मोकळे. एक दिवस ड्यूटी एक दिवस सुट्टी असं शेड्यूल असेल तर अभ्यास होत नाही, मी करून बघितलंय, सुट्टीचा दिवस झोपेतच जातो.

माझं गणित असं असतं, तिसऱ्या नाईटनंतर सकाळी सातला पुढच्या सिस्टरला ओव्हर देऊन खोलीवर यायचं, दुपारपर्यंत झोपायचं, त्या दिवशी पुस्तक उघडायचंच नाही, उघडलं तरी डोक्यात शिरत नाही आणि उगाच आपण मंद आहोत असं वाटायला लागतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चार-चार तास. चौथ्या दिवशी भाजी, कपडे, घरी व्हिडिओ कॉल, मुलाचा गृहपाठ त्याच्याबरोबर कॅमेऱ्यासमोर बसून. तो त्याचं करतो मी माझं करते, कधीकधी अर्धा तास आम्ही काहीच बोलत नाही, नुसते समोरासमोर बसून लिहीत असतो, आणि खरं सांगते, त्या दिवसांची आठवण मला आयुष्यभर राहील. एक्स्टेंडेड स्टेच्या, म्हणजे जास्त दिवस राहायच्या हॉटेलांच्या, खोल्यांमध्ये टेबल नावाला असतं, स्पोकेनला तर नव्हतंच, मी इस्त्रीचा बोर्ड कमी उंचीवर लावून त्याच्यावर लॅपटॉप ठेवायचे. बॅगेत दोनच गोष्टी कायम, छोटा कुकर आणि एक लांब वायरचा टेबललॅम्प.

आणि नाईट करून आल्यावर लगेच गाडी काढून परीक्षेला जाऊ नका, कितीही जवळ असलं तरी. माझ्याबरोबरच्या एका मुलीची गाडी अशीच दुभाजकावर गेली होती, देवाच्या कृपेने वाचली.

आयसीयूवाल्या मुलींसाठी एक सांगते कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सीसीआरएन नावाची परीक्षा असते, क्रिटिकल केअरमधली, तिला बसायला गेल्या दोन वर्षांत गंभीर पेशंटच्या थेट काळजीचे १,७५० तास लागतात आणि त्यातले ८७५ शेवटच्या वर्षातले हवेत. एका कॉन्ट्रॅक्टचे १३ गुणिले ३६ म्हणजे ४६८ तास होतात. वर्षाला दोन कॉन्ट्रॅक्ट केली तर वर्षाचे ९३६, दोन वर्षांत चार झाली की १,८७२, म्हणजे काठावर बसतं. पण ट्रॅव्हलरला सगळ्यात आधी फ्लोट करतात, आयसीयूला पेशंट कमी झाले की जनरल वॉर्डला पाठवतात, आणि ते तास यात धरता येत नाहीत. शिवाय तुमच्या तासांची खात्री देणाऱ्या सुपरवायझरचं किंवा सहकाऱ्याचं नाव द्यावं लागतं आणि आमच्या इंचार्ज दर तीन महिन्यांनी बदलतात. म्हणून मी एक वही ठेवली, तारीख, युनिट, तास, आणि प्रत्येक कॉन्ट्रॅक्टच्या शेवटच्या आठवड्यात इंचार्जकडून मेलवर दोन ओळी घेऊन ठेवल्या. (पाच वर्षांत २,००० तासांचा पण एक पर्याय आहे, ज्यांचा मधे खंड पडलाय त्यांनी तो बघावा.) परीक्षा पास झाले त्याचा अजून एक फायदा झाला, टेक्ससमध्ये आपल्या कामाच्या क्षेत्रातलं मान्य सर्टिफिकेशन असलं तर ते वीस तासांच्या बदली चालतं, फक्त ते ठरलेले विषय तेवढे करावे लागतात. म्हणजे एकदा नीट अभ्यास केला की वरवरचे तास गोळा करत फिरावं लागत नाही.

पैशाचंही सांगायला हवं कारण तुमच्या लेखात पैशाचंच होतं. कायम नोकरीतल्या नर्सला पुष्कळ हॉस्पिटल्स शिकायला फी देतात, वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या अशा मदतीवर टॅक्स पण लागत नाही. मी पाच वर्षं कायम नोकरीत होते तेव्हा ही सोय असून वापरली नाही, मुलगा लहान होता, वाटलं नंतर बघू. ट्रॅव्हलमध्ये आल्यावर एजन्सीकडून मिळालं काय तर सीईच्या वेबसाईटचा फुकट पासवर्ड. डिग्रीची सगळी फी मी माझ्या खिशातून भरली. म्हणून आठवड्याच्या पगाराच्या आकड्यातून फी वजा करा, परीक्षांचे पैसे वजा करा, मॉड्यूलचे फुकट तास वजा करा, टर्म वाया गेली तर ती वजा करा, दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधले बिनपगारी आठवडे वजा करा, आणि मग जो आकडा येईल तो छापा. तरी तो चांगलाच असेल, मी नाकारत नाही. पण मुलींना खरा आकडा कळू दे.

इतकं करून शिकायचं कशाला, हा प्रश्न मला घरातही विचारला गेलाय. आईने विचारलं, सासूबाईंनी विचारलं, त्या सहा महिने येऊन मुलाला सांभाळायच्या, त्यांचे उपकार मी विसरणार नाही, पण त्यांना मनापासून वाटायचं की बाई आता चाळिशीला आलीस, पगार आहे, अजून किती शिकणार. मी त्यांना एक अभ्यास सांगितला होता. २००३ ला लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटल्सचे ऑपरेशन झालेले पेशंट तपासले, तर असं दिसलं की हॉस्पिटलमध्ये डिग्रीवाल्या नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असलं तर पेशंट तीस दिवसांत दगावण्याची शक्यता साधारण ५ टक्क्यांनी कमी असते. जामा या मेडिकल जर्नलमध्ये आला होता तो. सासूबाई म्हणाल्या, म्हणजे तू शिकलीस तर माणसं वाचतात? मी म्हटलं सरळ तसं नाही म्हणता येणार पण रात्री तीनला पेशंटचा श्वास बदलला तर तो का बदलला हे मला आधीपेक्षा लवकर कळतं. त्यानंतर त्यांनी तो प्रश्न परत विचारला नाही, उलट माझ्या अभ्यासाच्या वेळी मुलाला घेऊन खाली बागेत जायला लागल्या.

बीएसएन २०२४ ला झालं. आता मी नर्स प्रॅक्टिशनरला, म्हणजे पेशंट तपासून औषधं लिहून देऊ शकणाऱ्या नर्सच्या कोर्सला, जातेय आणि इथे मला प्रामाणिकपणे सांगायचंय की हे ट्रॅव्हल करत होत नाही. त्यात पेशंट बघायचे किमान ७५० क्लिनिकल तास असतात, एखाद्या डॉक्टर किंवा प्रॅक्टिशनरच्या हाताखाली, आणि दर तेरा आठवड्यांनी गाव बदलणाऱ्या बाईला कोण हाताखाली घेणार? आणि एकाच गावात राहून एक्स्टेन्शनवर एक्स्टेन्शन घ्यावं तर वर्षाच्या वर राहिलं की राहण्या-जेवणाच्या पैशावरची करसवलत जाते. लोक इंटरनेटवर सांगतात जमतं म्हणून, एखादीला जमलं असेल, मी माझ्या ओळखीत एकही बघितली नाही. सीई जमतं, सर्टिफिकेशन जमतं, आरएन-टू-बीएसएन नीट आखलं तर जमतं, त्याच्या पुढे शिकायचं तर ट्रॅव्हल थांबवावं लागतं. मी थांबवतेय. पुढचं कॉन्ट्रॅक्ट न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीला आहे, ते माझं शेवटचं, नंतर घराजवळ कायम नोकरी घेणार, पगार कमी, पण फी हॉस्पिटल भरणार.

आता आपल्याकडचं. हे सगळं अमेरिकेतलं आहे, आम्हाला काय त्याचं, असं कोणी म्हणेल. पण माझ्याबरोबर शिकलेल्या मुली आज सांगली-कोल्हापूरकडे कंत्राटी सिस्टर म्हणून काम करतात, अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवस ब्रेक, परत ऑर्डर, कधी या तालुक्याला कधी त्या. ती पण फिरतीचीच नोकरी झाली की, फक्त पगार तिथला. इंडियन नर्सिंग कौन्सिलने पाच वर्षांत १५० तासांचं सतत शिक्षण रजिस्ट्रेशनच्या रिन्यूअलसाठी ठरवलंय, म्हणजे वर्षाला ३० तास. टेक्ससच्या माझ्या वर्षाच्या दहा तासांच्या तिप्पट! नियम चांगला आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण कायम सिस्टरला डेप्युटेशनवर पोस्ट बेसिकला जाता येतं, पगार चालू राहतो, कंत्राटी सिस्टरने वर्कशॉपला जायचं म्हटलं तर तिची रजा कापली जाते, कधी पगार कापला जातो, वर्कशॉपची फी आणि एसटीचं भाडं वेगळं. माझी एक मैत्रीण नाईट करून सकाळी सहाच्या गाडीने वर्कशॉपला गेली, दिवसभर बसली, संध्याकाळी परत येऊन नाईटला उभी राहिली, हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा मला रडू आलं. आपण तिच्याकडून शिक्षण मागतो तर शिकायचा दिवस पण तिला द्यायला हवा. कंत्राटाच्या ऑर्डरमध्येच लिहा की महिन्यातला एक दिवस शिक्षणाचा, भरपगारी. इथे मी तीन तारखा लिहून घेऊ शकते कारण इथे नर्सेस कमी आहेत आणि हॉस्पिटलला माझी गरज आहे. नर्सेस कमी महाराष्ट्रातही आहेत, मग तिथल्या सिस्टरच्या ऑर्डरमध्ये एक दिवस का लिहून मिळू नये? २०२३ ला नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशनचा कायदा झालाय, नवीन नियम येणार आहेत, तर हे आत्ताच मागायला हवं, आणि तुमच्यासारख्या वर्तमानपत्राने मागितलं तर ऐकू जाईल.

तुम्हाला एक विनंती. त्या लेखाच्या शेवटी वाचकांचे प्रश्न मागवले होते. नर्सिंगच्या मुलींचे शिक्षणाबद्दलचे जे प्रश्न आले असतील ते माझ्याकडे पाठवा, मी उत्तरं लिहून देईन, जमेल तेवढी, माझ्या चार मोकळ्या दिवसांत.

अल्बुकर्कीच्या कॉन्ट्रॅक्टवर काल सही केली. त्यात तीन तारखा लिहून घेतल्यात, दोन माझ्या परीक्षांच्या आणि एक मुलाच्या सायन्स फेअरची. भाचीला मी शेवटी एवढंच लिहिलं की पोस्ट बेसिकचा फॉर्म भर, पहिल्या वर्षाची फी माझ्याकडून. व्हॉट्सअॅपवर दोन निळ्या टिक आल्यात, उत्तर अजून यायचंय.

आपली,
मूळची मिरजेची एक सिस्टर, सध्या मुक्काम टेक्सस